वणीमार्गे वायनरी

वायनऱ्या बघायला जायचं ठरलं की वाइनचा प्रश्न सगळ्यांत शेवटी येतो. आधी येतो सासूबाईंचा. त्यांना घरी एकटं ठेवायचं तर गॅस कोण बंद करणार, आणि बरोबर न्यायचं तर काय सांगून न्यायचं, याचा निकाल लागेपर्यंत आमच्या घरात शिराझ हा शब्द उच्चारायलाही मनाई होती. बायको बहिणीशी फोनवर बोलताना त्याला ‘ते नाशिकचं काम’ म्हणायची. ऐकणाऱ्याला वाटावं, जमिनीचा काहीतरी दावा चाललाय.

मूळ कल्पना साडूंची. ते मुलुंडला राहतात. कंपनीच्या कामासाठी एकदा कॅलिफोर्नियाला गेले असताना कुणीतरी त्यांना नापा खोऱ्यात फिरवून आणलं, आणि तेव्हापासून ते पेला दांड्याला धरतात. तळहाताच्या उबेने वाइन तापते, हे त्यामागचं कारण खरं आहे. पण आमच्याकडे जेवताना पाणी स्टीलच्या भांड्यात मिळतं आणि भांड्याला दांडा नसतो, याचं त्यांना होणारं दुःख मला बघवत नाही. ‘आता आपल्याकडेही सगळं आहे हो,’ असं ते दर दिवाळीला म्हणायचे. शेवटी फेब्रुवारीत आठ-दहा दिवस काढून दोन्ही घरांनी ते सगळं बघून यायचं ठरलं. नाशिक, दिंडोरी, निफाड, इगतपुरी आणि अंगात त्राण उरलं तर खाली सोलापूर जिल्ह्यात अकलूजकडे.

ठरलं त्याच रात्री साडूंची एक्सेल आली. वायनरीचं नाव, मागच्या ठिकाणापासूनचं अंतर, पोचायची वेळ, निघायची वेळ, टेस्टिंगचा दर, स्वच्छतागृह आहे की नाही, आणि शेवटी ‘अनुभव (१० पैकी)’. हा शेवटचा रकाना त्यांनी घरी बसूनच भरून टाकला होता. दिवसाला सहा वायनऱ्या. दोन ठिकाणांच्या मध्ये पंचवीस मिनिटं, दुपारच्या जेवणाला पस्तीस. तरुणपणी एका रात्रीत लालबाग ते गिरगाव सगळे गणपती उरकणारा माणूस, त्याच्याकडून दुसरं काय येणार!

मी बँकेत हयात घालवलेली असल्यामुळे आधी बेरीज करतो. टेस्टिंगला एकेका वाइनचे साधारण ३० मिलिलिटर ओततात. एका बैठकीत पाच-सहा वाइन, म्हणजे दीडशे ते एकशेऐंशी मिलि. गुणिले सहा. बाटली असते ७५० मिलिची. ‘म्हणजे रोज माणशी सव्वा बाटली होते,’ मी फोनवर म्हणालो, ‘आणि मधे जेवायला पस्तीस मिनिटं.’

‘जाणकार लोक गिळत नाहीत,’ साडू म्हणाले. ‘चव घ्यायची आणि थुंकायचं. तिथे भांडं ठेवलेलं असतं.’

फोन स्पीकरवर होता. पलीकडून मेहुणी कडाडली, ‘पैसे मोजून घेतलेलं थुंकायचं? अन्न आहे ते!’ अन्न आहे की नाही यावर बराच काथ्याकूट झाला. थुंकण्याचा मुद्दा मात्र कायमचा निकालात निघाला. पुढे प्रत्येक टेस्टिंगला ती पिकदाणी टेबलावर होती आणि प्रत्येक ठिकाणी मेहुणीने त्यात पाकिटाचे कागद टाकले.

दिवसाला दोन, हे माझं मत. एक अकराच्या सुमाराला, जीभ ताजी असताना, आणि एक उन्हं उतरल्यावर. हे काही वयामुळे म्हणत नाही. प्रत्येक ठिकाणी क्रम ठरलेला असतो: आधी फसफसणारी, मग पांढरी, मग गुलाबी, मग लाल आणि शेवटी गोड. साडूंच्या तक्त्यात एका ठिकाणची शेवटची गोड वाइन आणि पुढच्या ठिकाणची पहिली ब्रूट यांच्यात फक्त पंचवीस मिनिटांचा रस्ता होता. गोडावर ब्रूट आली की ती आंबट लागते, आणि दोष वायनरीला जातो. लाल वाइनमधलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं, त्यामुळे तोंड कोरडं पडतं. ते पाणी पिऊन लगेच जात नाही. तिसऱ्या वायनरीत पोचलेली जीभ ही दिवाळीत पाचव्या घरी फराळाला बसलेल्या पाहुण्यासारखी असते. चकली कुणाची, चिवडा कुणाचा, काही कळत नाही, फक्त ‘छान झालंय हं’ म्हणत राहते. अशा जिभेसमोर चांगली कॅबरने ठेवणं हा त्या कॅबरनेचा अपमान आहे.

तडजोड तीनवर झाली. तिसरी ‘ऐच्छिक’.

मग मी नकाशा पसरला तेव्हा—हो, कागदाचा, मोबाइलवर दोन बोटांनी मोठा करून बघण्याला मी नकाशा बघणं म्हणत नाही—एक गोष्ट लक्षात आली, जी साडूंच्या कुठल्याच रकान्यात नव्हती. सुला, यॉर्क, सोमा ही मंडळी गंगापूर धरणाच्या आसपास. त्याच वाटेवर सोमेश्वर. शाँदाँ दिंडोरी तालुक्यात. दिंडोरी म्हणजे स्वामी समर्थांचं केंद्र, आणि तिथून तसंच पुढे गेलं की वणी, सप्तशृंगीचा गड. व्हॅलोन इगतपुरी तालुक्यात कावनईच्या बाजूला. कावनईला कपिलधारा तीर्थ. ग्रोव्हर झाम्पा त्याच तालुक्यात सांजेगावला, म्हणजे त्र्यंबकेश्वर फार लांब नाही. देवदर्शनाची वाट न धरता नाशिक जिल्ह्यातल्या एकाही वायनरीत जाता येत नाही!

यात चमत्कार काही नाही. गोदावरी त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावते, तिचंच पाणी गंगापूर धरणात अडवलेलं. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपासचा प्रदेश, उताराची, पाणी न धरणारी जमीन, थंडीत दिवसा ऊन आणि रात्री गारठा. ऋषींना तपाला जे लागलं तेच वेलीला लागतं. सुलाचे राजीव सामंत कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून वडिलांच्या गंगापूरजवळच्या जमिनीवर आले तेव्हा नाशिकला द्राक्षं नवी नव्हतीच; खायच्या द्राक्षांच्या बागा होत्याच की. त्यांनी नव्वदीच्या दशकात तिथे सॉव्हिन्यॉं ब्लां आणि शेनिन ब्लां लावली, २००० साली पहिली वाइन बाजारात आणली. २००१ मध्ये राज्य सरकारने वाइनसाठी वेगळं धोरण काढून करात सवलती दिल्या आणि मग तालुक्या-तालुक्यांत स्टीलच्या टाक्या उभ्या राहिल्या. तीर्थक्षेत्रं आधीपासून उभी होतीच.

एवढा भौगोलिक पुरावा हाती आल्यावर मी सासूबाईंसमोर बसलो आणि वणीचं दर्शन, कपिलधारा, त्र्यंबक, सोमेश्वर असा भरगच्च कार्यक्रम वाचून दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून ऐकून घेतलं.

‘वणीला जाताना ते फ्रेंच लोकांचं लागतं, तिथे थांबणार आहात ना?’

मी खोकलो.

‘आमच्या भिशीतल्या बायका मागच्या वर्षी जाऊन आल्या. फोटो आलेत ग्रुपवर. तुम्हांला वाटतं, मला काही कळत नाही.’ आणि चष्मा खाली घेऊन पुढे, ‘मी पिणार नाही. पण बघणार. आणि गड आधी, मग तुमचं ते.’

ही अट आम्ही लेखी घेतली नाही, ती चूक नव्हती. सासूबाईंशी लेखी करार होत नसतो.

तारखा ठरवणं हे निराळंच प्रकरण. साडूंचं म्हणणं, वाइनच्या प्रवासाला हंगाम बघायचा असतो. आमच्या घरी त्याआधी कालनिर्णय बघतात. सासूबाईंची संकष्टी, मेहुणीचा गुरुवार, माझ्या बायकोचा सोमवार, आणि शनिवारी साडू मारुतीचे. मेहुणीने मधेच शंका काढली की वाइन द्राक्षांची, द्राक्ष हे फळ, मग गुरुवारी चालायला काय हरकत आहे? सासूबाई म्हणाल्या, ‘चालेल. साबुदाण्याच्या खिचडीबरोबर घे.’ विषय तिथे संपला. वर सरकारचे दिवस निराळे: ३० जानेवारी, २ ऑक्टोबर, आषाढी, अनंत चतुर्दशी, शिवाय कुठे निवडणूक लागली तर मतदान संपण्याआधीचे ४८ तास. त्या दिवशी टेस्टिंग रूममध्ये पिझ्झा मिळतो, वाइन मिळत नाही. फेब्रुवारीत महाशिवरात्र आली तर त्र्यंबकच्या रस्त्याला त्या दिवशी वळायचंही नाही. सुलाफेस्टचा शनिवार-रविवार असेल तर गंगापूर रस्त्याचं नाव काढायचं नाही. एरवीच्या शनिवार-रविवारीही मुंबई-पुण्याच्या गाड्या तिथे इतक्या असतात की वाइन ओतणाऱ्या मुलीला बोलायची उसंत नसते. मंगळवार-बुधवारी जावं, तीच मुलगी एक वाइन जास्तीची चाखायला देते.

हंगामाचं मात्र साडूंचं बरोबर होतं. जगभर उत्तरेकडे द्राक्षं शरद ऋतूत उतरवतात, आपल्याकडे जानेवारी ते मार्च. आपल्या वेली थंडीत झोपत नाहीत, म्हणून वर्षातून दोनदा छाटाव्या लागतात: एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी. पहिल्या छाटणीतून काड्या तयार होतात, दुसरीतून घड. जुलैत जो जातो त्याला हिरवागार मळा, ढग, धरण, सगळं मिळतं. फक्त द्राक्षं मिळत नाहीत. माझे एक आतेभाऊ पावसात जाऊन आले आणि अजून सांगतात की वायनरीवाले द्राक्षं लपवून ठेवतात.

हे छाटणीचं शास्त्र मला पुस्तकातून नाही, आमच्या ड्रायव्हरकडून कळलं. मोटार वाहन कायद्यात १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोलची मर्यादा आहे, आणि दोन ग्लासांत ती ओलांडायला वेळ लागत नाही. तेव्हा गाडी आपण चालवायची नाही, एवढ्यावर एकमत होतं. ट्रॅव्हल्सवाल्याला मी सांगितलं होतं, ‘न पिणारा माणूस द्या.’ त्याने माळकरी पाठवला. गळ्यात तुळशीची माळ, कपाळावर बुक्का, वर्षाला वारी. निफाड तालुक्यातला, घरची द्राक्षबाग. बागेत भाऊ, गाडीवर हा. सासूबाईंनी त्याला बघितलं आणि पुढच्या सीटवर, त्याच्या शेजारी, जाऊन बसल्या. उरलेल्या प्रवासात गाडीचे निर्णय त्या सीटवरून झाले.

पुण्याहून निघालो तर नारायणगाव लागतंच. तमाशाच्या फडांची पंढरी म्हणून ते गाव सगळ्यांना ठाऊक. पण शामराव चौगुल्यांची शातो इंडाजही तिथलीच. ऐंशीच्या दशकात, नाशिकला कुणाच्या डोक्यातही नसताना, त्यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फसफसणारी वाइन केली आणि ‘ओमर खय्याम’ नावाने परदेशात विकली. साडू हे सांगत असताना ड्रायव्हरदादा इतका वेळ गप्प होते, ते म्हणाले, ‘ती बसली ना साहेब. आमच्याकडची पण लई माणसं बसली तवा.’ २००८ नंतरच्या मंदीत वाइनची मागणी घटली, कंपन्यांनी माल उचलला नाही, आणि ज्यांनी हौसेने शिराझ लावली होती त्यांनी बागा उपटल्या. त्यात ह्यांचे चुलते. गाडीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग सासूबाईंनी आल्याच्या वड्या काढल्या.

पहिलं टेस्टिंग गंगापूरच्या बाजूला. माहिती सांगणारी मुलगी विशीतली, नाशिकचीच, चुणचुणीत. टाक्या दाखवल्या, ओकची पिंपं दाखवली (एकेक २२५ लिटरचं, त्यावर बँकेत असतो तसला हिशेब खडूने लिहिलेला), काळ्या द्राक्षाचा रसही पांढराच असतो आणि लाल रंग सालीतून येतो हे समजावलं. मग टेबलावर सॉव्हिन्यॉं ब्लां ओतून म्हणाली, ‘सर, नोट्स काय येतायत?’

साडूंनी पेला फिरवला. बराच वेळ फिरवला. नाक आत घातलं, डोळे मिटले. ‘सिट्रस,’ ते म्हणाले, ‘आणि मिनरॅलिटी.’

सासूबाई फक्त बघणार होत्या. त्यांनी मेहुणीचा पेला उचलला, भाजी ताजी आहे की नाही बघताना करतात तसं एकदाच हुंगलं, आणि खाली ठेवला. ‘ढोबळी मिरची. कच्ची. आणि पेरू आहे, पण तो आज चिरलेला नाही.’

ती मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली. या द्राक्षात ढोबळी मिरचीचा वास असतो हे वाइनच्या शिक्षणात पहिल्या धड्यात येतं. सासूबाईंकडे ते शिक्षण नाही, चाळीस-पंचेचाळीस वर्षांची रोजची भाजी आहे. साडूंनी लगेच शिराझ पुढे केली. परीक्षाच घ्यायची तर नीट घ्यावी. सासूबाईंनी हुंगलं. ‘मिरी. भरडलेली. पूड नव्हे.’ साडूंनी टेबलाखाली मोबाइल उघडून खात्री केली, आणि तिथे त्यांना जे सापडलं ते त्यांनी प्रामाणिकपणे वाचूनही दाखवलं: शिराझमध्ये रोटंडन नावाचं द्रव्य असतं, तेच काळ्या मिरीत असतं. इथून पुढे प्रत्येक वायनरीत पहिला पेला सासूबाईंच्या नाकाखालून जाऊ लागला. त्या थेंबही न पिता निकाल द्यायच्या: ‘ह्याला लाकडाचा वास जास्त झालाय’, ‘हे बरं आहे’, आणि एका ठिकाणी, ज्याचं नाव मी लिहिणार नाही, ‘झाकण उघडं राहिलं होतं का?’ तिथल्या माणसाने बाटली हुंगली आणि निमूटपणे दुसरी उघडली.

एक्सेलमधला ‘अनुभव’ हा रकाना साडूंनी पुसला तो त्या संध्याकाळी. नव्याने भरायचं काम सासूबाईंकडे गेलं. त्या दहापैकी सहाच्या वर देत नाहीत. गणिताच्या शिक्षिका होत्या.

दिंडोरीला शर्तीप्रमाणे गड आधी. सप्तशृंगीला आता फ्युनिक्युलर आहे, त्यामुळे पायऱ्या चढून भूक लागेल हा आमचा हिशेब चुकला. दर्शन लवकर आटोपलं आणि अठरा भुजांच्या देवीसमोरून आम्ही थेट फ्रेंच आवारात. तिथे फसफसणारी वाइन बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवतात. त्यातून निघणारा वायू कोंडून राहतो, आणि बाटलीत साधारण सहा वातावरणांएवढा दाब तयार होतो. साडूंनी ही माहिती गाडीत मोठ्या अभिमानाने सांगितली. ड्रायव्हरदादांनी मनातल्या मनात हिशेब केला.

‘आपल्या टायरात तेहेतीस भरतो. ही नव्वदच्या घरात गेली की.’

‘हो, म्हणून तर काच जाड असते.’

‘किती घेतल्यात?’

‘डिकीत चार आहेत.’

त्यानंतर नाशिकपर्यंत गाडीने तिसरा गिअर सोडला नाही. प्रत्येक गतिरोधकाला दादा गाडी जवळजवळ थांबवत, ‘पांडुरंग’ म्हणत आणि चाकं एकेक करून उतरवत. मागून ट्रकवाले शिव्या घालून पुढे जात होते. साडूंनी समजावून पाहिलं की या बाटल्या अशा फुटत नाहीत. ‘तुमचा देव तुम्हांला, साहेब,’ दादा म्हणाले, ‘माझ्या गाडीत आजी बसल्यात.’

बाटल्यांचं म्हणाल तर त्यांना धक्क्याचं नाही, उन्हाचं भय. फेब्रुवारीच्या शेवटी नाशिकला दुपारी चांगलंच तापतं, आणि बंद डिकीत वाइन शिजते. बूच वर येतं, चव उतरते. यावर उपाय म्हणून थर्मोकोलची पेटी न्यावी. आम्ही ती मासळीवाल्याकडून आणली होती आणि तीनदा धुतली होती. तळाला बर्फाच्या पिशव्या, वर बाटल्या आडव्या. दुसऱ्या दिवशी उघडून बघितलं तर एक बाटली बाहेर, आणि तिच्या जागी वणीचे पेढे. ‘पेढे खवट झाले तर प्रसाद टाकता येत नाही,’ सासूबाई म्हणाल्या. ‘तुमचं ते काय, जितकं जुनं तितकं चांगलं, असं तुम्हीच म्हणता.’ आपल्याकडची बहुतेक पांढरी वाइन दोन-तीन वर्षांत प्यायची असते, हे त्यांना सांगायची जबाबदारी साडूंनी माझ्यावर टाकली. मी ती स्वीकारली नाही.

निफाडकडे जाण्यामागे साडूंचा हेतू वेगळा होता. तिथे कुंदेवाडीला ग्रिलो आणि नेरो दाव्होला ही सिसिलीची वाणं लावलेली आहेत. थंडीत राज्यातलं सगळ्यांत कमी तापमान म्हणून निफाडचा आकडा पेपरात येतो, आणि तिथे सिसिलीचं द्राक्ष! मला त्यात गंमत वाटली. पण वाटेत लासलगावचा कांदा आडवा आला. टेस्टिंगला जाताना सेंट लावू नका असं सगळीकडे लिहिलेलं असतं. कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत काचा खाली करून अडकू नका, असं मात्र कुणी लिहीत नाही. सासूबाईंनी ‘आज नाक चालायचं नाही’ असं जाहीर केलं आणि दादांनी कुणाला न विचारता गाडी आपल्या मळ्याकडे वळवली.

या सबंध प्रवासातलं सगळ्यांत चांगलं टेस्टिंग तिथे झालं, आणि त्याला बुकिंग लागलं नाही. चुलत्यांनी थॉमसनची बाग दाखवली. मण्यांत पाणी उतरलेलं, घड कागदात गुंडाळलेले. खायच्या द्राक्षाचे लाड फार: विरळणी करायची, मणी लांब व्हावा म्हणून घड औषधात बुडवायचे, डाग पडू द्यायचा नाही. मग त्यांनी आम्हांला बांधाकडे नेलं. उपटलेल्या शिराझची एक ओळ तिथे राहून गेली होती. बारके, काळे, घट्ट मणी. साडूंनी एक तोंडात टाकला आणि त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. जाड साल, आत दोन-तीन बिया, आणि गोडी मात्र थॉमसनच्या वरताण. ‘ह्याला रूप लागत नाही,’ चुलते म्हणाले, ‘साखर लागती.’ खिशातून पेनाएवढं रिफ्रॅक्टोमीटर काढलं, काचेवर मणी पिळला, आणि उन्हाकडे तोंड करून डोळ्याला लावलं. ‘तेवीस.’ कंपनीवाले हा आकडा बघून भाव देत, तो मनासारखा आला की माल उतरवायचा. नाही आला आणि अवकाळी आला, तर भुरी आणि डाउनी हे रोग बघत बसायचं. साडू ते यंत्र डोळ्याला लावून कितीतरी वेळ उभे होते. एक्सेल त्यांनी त्या दिवशी उघडली नाही.

इगतपुरीचं फार सांगण्यासारखं नाही. जागा देखणी, मुकणे धरणाचं पाणी समोर, वाइन चांगली. बायकोने मात्र धम्मगिरीच्या विपश्यना केंद्राची पाटी वाचली आणि बहिणीच्या कानात काहीतरी सांगितलं. दहा दिवस पूर्ण मौन, मोबाइल जमा, कुठलंही मद्य नाही. दोघी साडूंकडे बघून हसत होत्या. साडू तेव्हा आम्हांला मॅलोलॅक्टिक म्हणजे काय ते सांगत होते.

परतीच्या वाटेवर वाइन ही दारू आहे का, यावर चर्चा पेटली. २०२२ च्या जानेवारीत सरकारने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचं ठरवलं तेव्हा उभा महाराष्ट्र याच प्रश्नावर भांडला होता, तेव्हा आमच्या गाडीने का मागे राहावं! मी परवान्याचा दाखला दिला: दारूबंदी कायदा १९४९ चा, आणि पिण्याच्या परवान्यावर कारण असतं ते आरोग्य राखण्याचं. म्हणजे सरकारच्या लेखी आम्ही आठवडाभर औषधोपचार घेत होतो. साडू म्हणाले, वाइन हे अन्न. मेहुणी म्हणाली, मग थुंकायला का निघाला होतात? शेवटी पुढच्या सीटवरून निकाल आला. ‘जी घेतल्यावर तुम्ही दोघं गप्प बसता ती वाइन. जी घेतल्यावर बोलत सुटता ती दारू.’ या कसोटीवर आम्ही आठवडाभर काय घेत होतो, ते कुणी विचारलं नाही.

राहिलं अकलूज. तिकडे माळशिरस तालुक्यात मोटेवाडीला फ्रातेल्ली आहे. इटलीतले सेच्ची बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील यांनी मिळून काढलेली. त्यांची ‘सेत्ते’ साडूंना प्यायचीच होती. तक्त्यात तिला त्यांनी पहिल्याच दिवशी दहापैकी साडेनऊ देऊन ठेवले होते. वेळ घेतलेली, दुपारी तीनची. सगळं ठरलेलं. फक्त एक गोष्ट आमच्या लक्षात आली नाही. हा सगळा पालखीचा मुलूख. ज्ञानोबांची पालखी नातेपुते-माळशिरसवरून जाते, तुकोबांची अकलूजवरून, आणि रस्त्यावरची प्रत्येक पाटी एकाच गावाचे किलोमीटर दाखवते. आठवडाभर आमच्यासाठी वायनऱ्यांच्या दारात गाडीत बसून हरिपाठ म्हणणाऱ्या माणसाने, आमच्याकडे न बघता, फक्त पुढच्या सीटला विचारलं, ‘आजी, एवढं आलोय तर...?’

‘विचारायचं काय त्यात?’ सासूबाई म्हणाल्या.

त्या दिवशी एकादशी नव्हती, सुट्टी नव्हती, तरी दर्शनाची रांग दर्शनमंडपातून मागे वळलेली. अडीच वाजता आम्ही होतो तिथेच होतो. दादा आणि सासूबाई टाळ्या वाजवत अभंग म्हणत होते, मेहुणी चुरमुरे खात होती. साडूंनी शेवटी धीर करून वायनरीत फोन लावला.

‘नमस्कार, आमची तीनची वेळ होती. जरा उशीर होतोय.’

पलीकडचा माणूस तुटक होता. उशीर चालणार नाही म्हणाला, पुढची मंडळी साडेतीनला आहेत. कुठे अडकलात?

‘पंढरपुरात. रांगेत आहोत.’

पलीकडे क्षणभर आवाज नाही. मग, ‘अहो, मग आधी सांगायचं ना! सावकाश या. उद्या सकाळी आलात तरी चालेल. आणि येताना आमच्यासाठी थोडा बुक्का आणा.’